शर्यत तीन वाजता होती

ज्या शहरात आपले उभे आयुष्य गेले, त्याच शहरात दीड-दोन कोस जाण्यासाठी आदल्या रात्री नकाशा पसरून बसावे लागेल, असे कोणी सांगितले असते तर मी हसण्यावारी नेले असते. परंतु १० फेब्रुवारी २०२३ च्या रात्री काचीगुड्याच्या आमच्या घरात नेमके तेच चालले होते. दुसऱ्या दिवशी हुसेनसागरच्या काठी फॉर्म्युला-ई या विजेवर धावणाऱ्या मोटारींच्या जागतिक शर्यतीची फेरी व्हायची होती. भारतातली ती पहिलीच. पुतण्याने तीन तिकिटे आणली होती. एक त्याचे, एक माझे आणि तिसरे, ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, ते त्याच्या वडिलांचे, म्हणजे आमच्या दादांचे.

दादा माझ्याहून चौदा वर्षांनी थोरले. आर.टी.सी.च्या वर्कशॉपात त्यांनी अडतीस वर्षे बशींची इंजिने उघडली आणि मिटली. डेपोच्या फाटकातून बस आत शिरताना नुसत्या आवाजावरून ते तिचे दुखणे ओळखत, असे त्यांचे सहकारी सांगतात. आता मात्र दुखणे त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांत आहे. दोनशे पावले झाली की बसायला जागा लागते. तेव्हा प्रश्न शर्यत पाहण्याचा नव्हताच, तिथवर पोहोचण्याचा होता.

वाचकहो, मोटारींच्या शर्यतींचा आणि मोटारींच्या कोंडीचा संबंध जुनाच आहे. इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे २००० साली शर्यत ईस्टरच्या सुमारास ठेवली, पाऊस लागला, गाड्या उभ्या करण्याची शेते चिखलाने भरली, आणि शनिवारी प्रेक्षकांना ‘येऊ नका’ असे सांगण्याची पाळी आली. आपल्याकडे ग्रेटर नोएडाला २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत झाली. ते मैदान शहराबाहेर, तेव्हा ज्याच्यापाशी गाडी त्याचीच सोय. उलट मोनॅकोला नीस शहरातून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत डोंगराच्या पोटातील स्थानकावर उतरावे आणि चालत शर्यतीला जावे. विजेच्या मोटारींना धूर नाही, गर्जना नाही, म्हणून त्यांची शर्यत भर शहरात भरवता येते आणि लोकांना बस-रेल्वेने येता येते, हीच तर या फॉर्म्युला-ईची प्रौढी. कल्पना उत्तम आहे. पण भर शहरातील शर्यत म्हणजे भर शहरातील रस्ते बंद, हा तिचा दुसरा अर्थ. सचिवालय, लुंबिनी पार्क, एन.टी.आर. मार्ग असा पावणेतीन किलोमीटरांहून थोडा अधिक लांबीचा तो मार्ग. तो काही दिवस आधीच वाहनांना बंद झाला होता. त्या आठवड्यात सिकंदराबादहून येणारे आमचे एक शिक्षक रोज दुसऱ्या तासाला घामाघूम होऊन वर्गात शिरत. त्यांच्या हजेरीपटावर लाल शाई वापरण्याचे धैर्य मला झाले नाही. शर्यतीचा दिवस दुसरा शनिवार, शाळेला सुटी, म्हणून मी तरी मोकळा होतो.

पुतण्या मियापूरला राहतो. त्याचे म्हणणे सरळ होते : “काका, मी तिकडून मेट्रोने येतो, तुम्ही बाबांना इकडून मेट्रोने आणा. खैरताबादला भेटू.” मी लोकल गाडीचा पर्याय मांडला, काचीगुडा स्थानक घराजवळ आणि नेकलेस रोड स्थानक तळ्याजवळ. परंतु मध्ये गाडी बदलायची, आणि पूल चढायचा-उतरायचा तो दादांच्या गुडघ्यांनी. ते जमण्यासारखे नव्हते. दादांना दोन्ही पसंत नव्हते. “मोटारींच्या शर्यतीला आगगाडीनं जायचं? दारातून ऑटो करू, दारात उतरू,” असा त्यांनी निकाल दिला. थोरल्या भावाचा निकाल आमच्या घरात अजून चालतो.

साडेबाराला निघालो. कोठी, आबिड्स, बशीरबाग इथपर्यंत ठीक. लिबर्टी चौरस्त्याच्या अलीकडे ऑटो जो थांबला तो थांबलाच. पुढे लोखंडी अडसर, मागे गाड्यांचा समुद्र. वीस मिनिटांनी ऑटोवाल्याने मान वळवली : “साब, आगे नै जाता. उतरो, नै तो वापस चलो.” तेथून शर्यतीची तटबंदी दिसत होती, परंतु आमच्या तिकिटाचे फाटक खैरताबादच्या अंगाला होते. पायी वळसा घालायचा तर दादांच्या शक्तीबाहेरचे काम. दादा काही बोलले नाहीत. त्यांनी नुसते घड्याळाकडे पाहिले. मलाच अपराध्यासारखे वाटले; मी आग्रह धरायला हवा होता.

त्याच ऑटोला कशीबशी माघार घ्यायला लावून आम्ही असेंब्ली मेट्रो स्थानक गाठले. तेथे मात्र उद्वाहकाने वर, गार डबा, आणि एका तरुण मुलीने उठून दिलेली जागा. लकडी का पूल, मग खैरताबाद. दुसऱ्या स्थानकावर उतरलोही. दादांनी एकच शेरा मारला : “ब्रेक बघ कसा लागतो, पोटातलं पाणी हलत नाही.” ब्रेक लावताना या गाडीची गती पुन्हा विजेत परतते, आणि त्या शर्यतीच्या मोटारीतही तीच युक्ती असते, हे मी त्यांना सांगितले. तेव्हा प्रथमच त्यांचा चेहरा खुलला.

खरी कसोटी स्थानकाबाहेर होती. पुतण्या भेटला. पुढे रेल्वेमार्गावरच्या उड्डाणपुलाने पलीकडे आणि फाटकापर्यंत सुमारे एक किलोमीटर. तरुणांना दहा-बारा मिनिटांचे अंतर. आम्हांला पाऊण तास लागला. सावली नाही, बाक नाही, अशक्त माणसाला नेण्याची काही सोय असलीच तर आमच्या दृष्टीस पडली नाही. नवल याचे वाटते की हेच शहर दरवर्षी खैरताबादच्या भव्य गणपतीला लोटणारी गर्दी सांभाळते, आणि विसर्जनाच्या दिवशी याच एन.टी.आर. मार्गावर क्रेनच्या रांगा आणि माणसांचा महापूर असतो. तेव्हा पाण्याचे माठ, बसायला ओटे, वाट दाखवणारी मुले असे सारे गल्लीगल्लीतून आपोआप उभे राहते. येथे कोटी-कोटींचा खर्च होता आणि एक बाकडे नव्हते. पुलाच्या चढावर दादा थांबले, ओठ घट्ट मिटून कठड्याला टेकले. पुतण्या म्हणाला, “बाबा, परत जाऊ या का?” तेवढ्यात बंदोबस्तावरच्या एका पोलीस शिपायाने स्वतःची प्लास्टिकची खुर्ची उचलून आणली आणि तेलुगूत “कूर्चोंडी, पेद्दाय्या” म्हणून दादांना बसवले. त्या खुर्चीवरची दहा मिनिटे नसती, तर ही हकीकत तेथेच संपती.

तीनला दहा कमी असताना आम्ही जागेवर पोहोचलो.

शर्यतीविषयी फार लिहीत नाही. ज्यांना रस आहे त्यांना माहीत आहे. सर्वांत पुढून निघालेला मिच इव्हान्स त्याच्याच जग्वार संघाच्या सॅम बर्डच्या धडकेने बाहेर पडला, आणि फ्रान्सचा जाँ-एरिक व्हर्न जिंकला. सचिन तेंडुलकर आल्याची कुजबूज होती. तो खरोखरच आला होता, पण आम्हांला दिसला नाही. माझे लक्ष दादांकडे होते. पहिल्या मोटारी समोरून गेल्या तेव्हा त्यांनी डोळे मिटले. गर्जना नव्हतीच, बारीक, ताणलेली शिट्टी आणि वळणावर टायरांची किंकाळी. बऱ्याच फेऱ्यांनंतर ते मला म्हणाले, “अरे, हे यंत्र आजारी पडलं तर कळायचं कसं?” आणखी थोड्या वेळाने स्वतःशीच, “कळत असेल. कान नवे लागतील.”

परतताना ऑटोचे नाव कोणी काढले नाही. गर्दी ओसरेपर्यंत बसून राहिलो, मग तोच पूल, तीच मेट्रो. शर्यतीच्या चारच दिवस आधी शहरात विजेवरच्या तीन दुमजली बसगाड्या आल्या होत्या. टँक बंडवरून धावणाऱ्या जुन्या दुमजली बशी दादांच्या हाताखालून गेलेल्या, तेव्हा घरी येईपर्यंत तोच विषय. रात्री गुडघ्यांना तेल चोळता चोळता त्यांनी कॅलेंडरचे जुने पान मागून घेतले आणि त्याच्या पाठीवर एक आकृती काढली : कोणत्या स्थानकावर उद्वाहक कोणत्या बाजूला, पुलाचा चढ कोठे, कठडा कोठे रुंद, आणि पुढल्या खेपेस घडीची खुर्ची कोणी उचलायची. खुर्चीपुढे माझे नाव होते.

२०२४ ची फेरी १० फेब्रुवारीला ठरली होती. जानेवारीच्या आरंभीच ती रद्द झाल्याचे जाहीर झाले. पुतण्याने फोनवर सांगितले तेव्हा दादा नुसते “बरं” म्हणाले. घडीची खुर्ची मी दिवाळीतच आणून ठेवली होती. हल्ली ते तिच्यावर अंगणात बसतात.