४२.३४ मीटर

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं.

'ऐ वतन मेरे वतन' हा उषा मेहतांवरचा सिनेमा मार्च २०२४ मध्ये प्राइम व्हिडिओवर आला. मी तो मुलुंडला घरी, आजीबरोबर पाहिला. सारा अली खानला जमलं की नाही यावर लोक इतकं बोललेत की मी त्यात पडत नाही. (सचिन खेडेकर वडिलांच्या भूमिकेत मस्त.) माझी तक्रार वेगळी आहे. त्या कौशिकच्या प्रेमाला जेवढी मिनिटं दिलीत, त्यातली निम्मी तरी ट्रान्समीटरला द्यायची!

कारण मित्रांनो, खरा थरार तिथेच आहे. २७ ऑगस्ट १९४२ ला काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलू लागला. आपल्या भाषेत साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. हाफ-वेव्ह एरियल म्हटली तर २१ मीटर तार. ती चौपाटीच्या बिल्डिंगवर, भर शहरात, पोलिसांना न दिसता टांगायची कशी? शिवाय सिग्नल चालू असला की दोन-तीन ठिकाणांहून दिशा घ्यायची, रेषा जिथे छेदतील तिथे स्टेशन. म्हणून सतत जागा बदलायच्या. सिनेमा या पाठलागाकडे वळला की खरंच पकडतो, पण लगेच पार्श्वसंगीत सुरू!

उषाताई तेव्हा २२ वर्षांच्या. विल्सन कॉलेजमधून तत्त्वज्ञान घेऊन बीए झालेल्या, म्हणजे आपल्या ब्रँचच्या अजिबात नाहीत. ट्रान्समीटर बनवणारा नरिमन प्रिंटर हा आपल्या जमातीतला, आणि शेवटी पोलिसांना तिथवर नेलं ते त्यानेच. १२ नोव्हेंबरला सहकाऱ्याच्या ऑफिसवर धाड पडल्याचं कळूनही उषाताई आणि चंद्रकांत झवेरी प्रक्षेपणाला गेले आणि तिथेच पकडले गेले. कोर्टात त्यांनी विचारलं, उत्तरं देणं सक्तीचं आहे का? नाही म्हटल्यावर एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. शिक्षा चार वर्षं, येरवडा.

हे मला का लागलं, ते सांगते. आमच्या मिनी-प्रोजेक्ट ग्रुपमध्ये मी एकटी मुलगी. "तुझं इंग्लिश सॉलिड आहे, तू प्रेझेंटेशन कर, सोल्डरिंग आम्ही बघतो," असं पहिल्याच दिवशी ठरलं. मला आधी बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? मग सिनेमा पाहिला. पोस्टरवरही माइक आणि आवाजच. पण त्या नुसत्या आवाज नव्हत्या. स्टेशन चालतं ठेवणाऱ्यांत त्या होत्या आणि कुणाचं नाव कुठे घ्यायचं नाही, हेही त्यांना ठाऊक होतं.

आजीला मात्र सिनेमा आवडला. "तुला काय सगळ्यात वायरीच दिसतात," म्हणाली. पण नंतर विचारलं, "सुटल्यावर पुढे काय केलं गं तिने?" सिनेमा १९४२ मध्येच रमतो, म्हणून मीच सांगितलं: १९४६ ला सुटल्या, गांधीविचारावर पीएचडी केली, अनेक वर्षं शिकवलं, १९९८ ला पद्मविभूषण, २००० च्या ऑगस्टमध्ये गेल्या. आजी म्हणाली, "यावर नाही का काढत कोणी?"

ग्रुपला मी सांगितलंय, प्रेझेंटेशन आळीपाळीने. परवा ट्यूनिंग सर्किट मी सोल्डर केलं. एक जॉइंट ड्राय निघाला, बोटही थोडं भाजलं, पण रिसीव्हर लागला.