कप्पा कुणाचा?

मुलगी दहावीत गेली तेव्हा मी तिचा पुस्तकांचा कप्पा रिकामा केला. ‘किशोर’चे अंक रद्दीत, फास्टर फेणे शेजारच्या मुलाला. गाइडांना जागा हवी होती ना! शाळेतून आल्यावर तिने कप्प्याकडे पाहिलं, बोलली काहीच नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

आपण मुलांना हौसेने पुस्तकं घेतो, पण ती त्यांच्या मालकीची मानत नाही. ‘वाचून झालं ना?’ हा आपला ठरलेला प्रश्न. अहो, मुलं वाचून झालेलंच पुन्हा वाचतात! भा. रा. भागवतांचा बनेश कुठल्या पानावर ‘ट्टॉक्’ करतो, हे तिला पाठ होतं. आणि ‘किशोर’ १९७१ साली निघाला तेव्हा त्याच्यासाठी वडिलांकडे हट्ट धरणारा मीच होतो. कपाट खुशाल आवरा, पण आधी मुलाला विचारा. तो ‘नको’ म्हणाला, तर राहू द्या.

परवा नातवासाठी फास्टर फेणेचा नवा संच आणला. लेक पानं चाळत म्हणाली, ‘‘बाबा, माझ्या पुस्तकांत शेवटच्या पानावर मैत्रिणींची नावं होती. कुणी कधी नेलं, कधी परत दिलं...’’

संच मात्र तिने पिशवीत घातला. वर नातवाचं नाव घालायला माझंच पेन मागून घेतलं.