गाळणीतून निसटलेल्या नोंदी

ग्रंथसूची, हस्तलिखितांच्या याद्या, जुन्या नियतकालिकांच्या अनुक्रमणिका हे सारे आता विदागारांत आले आहे, आणि त्याबरोबर आपल्या शोधनिबंधांत एक नवे वाक्यही आले आहे : ‘या काळातील अमुक इतक्या नोंदी आढळल्या.’ हे आढळणे नेमके कसे घडले, हे सहसा कोणी सांगत नाही. माझे म्हणणे एवढेच की, ज्या क्वेरीने त्या नोंदी गाळून काढल्या ती निबंधात छापली गेली पाहिजे. संहितेची आवृत्ती आपण नोंदवतो ना, तशीच.

हा तांत्रिक सोवळेपणा नव्हे. एडगर कॉड यांनी १९७० साली विदेची तक्त्यांच्या रूपातील मांडणी सुचवली; चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये तिच्यासाठी जी प्रश्नभाषा मांडली, तिचेच पुढचे रूप म्हणजे एसक्यूएल. या भाषेतील ‘व्हेअर’ हा शब्द प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारतो. आपण समजतो की उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असणार. प्रत्यक्षात उत्तरे तीन आहेत : होय, नाही आणि ठाऊक नाही. रकाना रिकामा असेल (त्या रिकामेपणाला ‘नल’ म्हणतात) तर तुलनेचे उत्तर ‘ठाऊक नाही’ असे येते, आणि गाळणी ठेवते फक्त ‘होय’.

मराठीच्या अभ्यासकाला याचा अर्थ लगेच कळावा. ‘विवेकसिंधू’चा काळ परंपरेने शके १११० सांगितला जातो, त्याविषयी अभ्यासकांत वाद आहे. समजा, एखाद्या सावध सूचिकाराने वर्षाचा रकाना रिकामा सोडला. आता ‘१५०० पूर्वीचे ग्रंथ’ मागा, तो येणार नाही. ‘१५०० आणि त्यानंतरचे’ मागा, तेव्हाही नाही. दोन्ही याद्यांची बेरीज एकूण संख्येइतकी भरत नाही आणि यंत्र त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. जितका सूचिकार प्रामाणिक, तितका ग्रंथ अदृश्य!

हेच कर्तृत्वाचे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. ओवी गाणारीचे नाव नोंदवता येते. ती प्रथम कोणी रचली, हे कोण सांगणार? अशा वाङ्मयाच्या तक्त्यात ‘ज्यांचा कर्ता पुरुष नाही अशा रचना’ असा प्रश्न टाकला, तर कर्त्याविषयीचे रिकामे रकाने वगळले जातील. म्हणजे बायकांचे वाङ्मय शोधायला निघालेला अभ्यासक ओव्याच गमावून बसेल. रकान्यात ‘अज्ञात’ असा शब्द भरणे हा यावरचा प्रचलित उपाय; पण मग अज्ञात नावाचा एकच कवी निर्माण होतो, आणि मोजणीत तो मराठीतला सर्वांत बहुप्रसव कवी ठरतो. ‘रिकामा आहे का’ हे स्वतंत्रपणे विचारण्याची सोय भाषेत आहे. ती वापरावी लागते, इतकेच.

टोपणनावांची अडचण आपल्या परिचयाची आहे. कर्ता ‘राम गणेश गडकरी’ अशी अट घातली की नाटके हाती येतात. गोविंदाग्रजांची कविता आणि बाळकरामाचा विनोद बाहेर राहू शकतात. शुद्धलेखनाचेही तसेच : १९६२ च्या नियमांआधीचा ‘कवि’ आणि नंतरचा ‘कवी’ यंत्राच्या लेखी दोन शब्द. ‘दर्‍या’मधला अर्धा र तर दोन निरनिराळ्या रीतींनी टंकता येतो, पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, तुलनेत मात्र जुळतीलच असे नाही.

सूचिकारांनी या साऱ्याची काळजी घ्यावी, आम्ही साहित्याचे लोक, असे काही प्राध्यापक म्हणतात. टोपणनावांपुरते ते ठीक आहे. पर्यायी नावे जोडणे हे सूचीचेच काम. पण रिकाम्या रकान्याचा अर्थ सूचिकार ठरवू शकत नाही. तारीख ठाऊक नाही, वादग्रस्त आहे, की कोणी पाहिलीच नाही, यांतला फरक हा वाङ्मयेतिहासाचा प्रश्न आहे आणि तो आपल्याकडेच येतो. पाठभेदांवर पाने खर्च करणाऱ्या आपल्या विद्याशाखेला तीन ओळींची क्वेरी आणि तिच्याखाली ‘वर्ष नसलेल्या नोंदी इतक्या’ हा एक आकडा छापणे जड जाऊ नये. पुढच्या वेळी मार्गदर्शकाने प्रबंधातला तक्ता तपासताना बेरीज मूळ संख्येशी ताडून पाहावी आणि उरलेल्या नोंदी कुठे गेल्या, ते विद्यार्थ्याला विचारावे.