विद्यार्थ्यांच्या ताटाचा विचार करणार कोण?

शैक्षणिक वर्षाच्या आरंभी मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून हजारो मुले-मुली पुण्यात दाखल होतात. आईने बांधून दिलेले लाडू, शेंगदाण्याची चटणी पंधरवड्यात संपते आणि वडापाव, सामोसे, झटपट शेवया व शीतपेये यांचा रतीब सुरू होतो. "मुलगा बाहेर राहूनही शाकाहारी आहे," असे घरची मंडळी अभिमानाने सांगतात. या अभिमानाची चिकित्सा व्हायला हवी. मैदा, साखर आणि पुन्हा पुन्हा तापवलेले तेल यांत मांस नसते. पण तेवढ्याने ते सात्त्विक अन्न ठरत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेनुसार देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार सदोष आहारामुळे आहे. ज्या तरुणाईच्या बळावर राष्ट्र महासत्तेची स्वप्ने पाहते, तिच्या ताटाकडे मात्र कोणाचे लक्ष नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये उच्च शिक्षण संस्थांना आवारातील 'जंक फूड'ची विक्री बंद करण्यास सांगितले. २०१८ मध्ये त्याचे स्मरणही करून दिले. किती उपाहारगृहांत त्याचा मागमूस दिसतो? भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. परिषदा झाल्या, मेजवान्या झडल्या. पण किती महाविद्यालयांत ज्वारीची भाकरी पोहोचली? जिला गरिबाचे अन्न म्हणून हिणवले, तीच भाकरी परदेशी नाव लावून चकचकीत पाकिटात आली की प्रतिष्ठित ठरते. हा मानसिक गुलामगिरीचाच अवशेष होय.

महाराष्ट्राची परंपरा अशी नव्हती. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत बसत. त्या मुलांची चूल पेटती राहावी म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही दिले. विद्यार्थ्याचे अन्न ही समाजाची जबाबदारी आहे, हे त्या पिढीला सांगावे लागत नव्हते. आज ती ठेकेदाराच्या निविदेवर सोडून समाज मोकळा झाला आहे.

पौष्टिक आहार महागडा असतो, हा बाजाराने पसरवलेला भ्रम आहे. धान्यात कमी पडणारे लायसीन डाळी-कडधान्यांत विपुल असते. म्हणून वरण-भात, भाकरी-उसळ ही जोडी प्रथिनांच्या दृष्टीने परस्परपूरक ठरते. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते. लिंबू पिळल्याने पालेभाजीतील लोह अधिक शोषले जाते. वनस्पतिज अन्नात ब-१२ जीवनसत्त्व मिळत नाही. म्हणून शाकाहारी विद्यार्थ्याने दूध, दही, ताक टाळता कामा नये. खोलीवर शेगडी चालत नसेल तरी मोड आलेले मूग, गूळ-शेंगदाणे, फुटाणे, केळे आणि दहीपोहे यांना विस्तव कुठे लागतो?

आहाराविषयी बोलणे म्हणजे इतरांच्या ताटात डोकावणे, अशी ओरड काही विचारवंत करतील. येथे कोणावर सक्ती करण्याचा प्रश्नच नाही. अंडी, मासे खाणाऱ्यालाही डाळ, भाजी आणि भाकरीची तितकीच गरज आहे. आक्षेप आहे तो मुलांपुढे पर्यायच न ठेवणाऱ्या व्यवस्थेवर.

तथापि, केवळ व्यवस्थेला दोष देऊन भागणार नाही. पहाटे सूर्यनमस्कार घालून लगेच टपरीवर वडापावच्या रांगेत उभा राहणारा तरुण कार्यकर्ता, मुलाला पैसे पाठवणारे पण वरण-भाताचा कुकर लावायला न शिकवणारे पालक, बौद्धिकात आयुर्वेदाचे गोडवे गाऊन अल्पोपाहाराला सामोसे मागवणारे संयोजक – या साऱ्यांनी आत्मपरीक्षण करावे. मुलगा असो वा मुलगी, घर सोडण्यापूर्वी प्रत्येकाला चार पदार्थ रांधता यावेत. प्रत्येक वसतिगृहात विद्यार्थ्यांची भोजन समिती असावी आणि ठेकेदाराने तिला उत्तरदायी असावे.

बलोपासनेचा घोष मैदानावर होतो. तिचा आरंभ मात्र स्वयंपाकघरात होतो.