तेरखेड्याच्या हातांचे ऋण

दीपावलीच्या आनंदात आकाश उजळून टाकणारी शोभेची दारू कोणाच्या हातांनी भरली जाते, याचा विचार ती उडवणारी कुटुंबे क्वचितच करतात. धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील, सोलापूर-धुळे महामार्गावरचे तेरखेडा हे गाव फटाक्यांसाठी महाराष्ट्रात ओळखले जाते. पावसाने वारंवार पाठ फिरवलेल्या या भागात हाताला काम देणारा हा उद्योग अनेक घरांचा आधार ठरला आहे. परंतु याच उद्योगात स्फोट झाले, माणसे होरपळली, काहींना प्राणास मुकावे लागले. प्रत्येक दुर्घटनेनंतर चौकशी, परवाने आणि नियम यांची चर्चा होते. जखमी मजुराच्या देहावर पहिला योग्य उपचार किती वेळात झाला, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत हरवून जातो.

वस्तुतः भाजलेल्या माणसाचे भवितव्य पहिल्या काही तासांतच ठरत असते. जखमेवर तत्काळ भरपूर स्वच्छ, थंड पाणी ओतणे, शरीरातून झपाट्याने कमी होणारा द्रव सलाईनद्वारे भरून काढणे आणि जंतुसंसर्ग टाळणे, एवढे जरी वेळेवर झाले तरी पुढील उपचारांना अर्थ राहतो. त्याऐवजी शाई, हळद वा टूथपेस्ट लावण्यात आणि वाहन शोधण्यात वेळ गेला, तर मोठ्या शहरातील निष्णात शल्यविशारदही हतबल होतो. गरिबाच्या बाबतीत नेमके हेच घडते. त्याला रोग वा अपघात जितका मारतो, तितकाच विलंबही मारतो.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका धावत आहेत. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेने पात्र कुटुंबांना प्रतिवर्षी ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण दिले. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले. निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या धाराशिवला २०२२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही लाभले. ही पावले स्वागतार्ह आहेत.

तथापि, योजनेचे कार्ड रुग्णालयाचे दार उघडते, त्या दारापर्यंत रुग्णाला पोहोचवत नाही. हातावर पोट असलेल्या मजुराला दवाखान्यात जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. सोबत येणाऱ्याचीही बुडते. कागदपत्र अपुरे निघाले तर तीच फेरी पुन्हा करावी लागते. म्हणून तो दुखणे अंगावर काढतो. दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी कर्नाटकात आणि पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्या कुटुंबांची अवस्था तर याहून बिकट. मुलांचे लसीकरण हुकते, गर्भवतीची तपासणी राहून जाते. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ साली ऐरणीवर आला, तेव्हा अज्ञान आणि असहायता यांचा बाजार कसा मांडला जातो, हे सुसंस्कृत समाजाने खाली मान घालून वाचले. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ सालीच सांगितले होते. त्या तत्त्वाला अनुसरून व्यवस्था उभी करण्याचे काम अद्याप अपुरे आहे.

हे काम केवळ शासनाचे नाही, याचा पुरावा मराठवाड्यानेच दिला आहे. १९६६ साली डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातील स्थिर व्यवसायाचा मोह टाळून लातुरात विवेकानंद रुग्णालय सुरू केले. १९८९ साली संभाजीनगरात उभे राहिलेले डॉ. हेडगेवार रुग्णालय सेवावस्त्यांपर्यंत पोहोचले. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी खेड्यातल्याच स्त्रियांना शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून उभे केले. डॉक्टर नसलेल्या गावात प्रथमोपचार करणारी, धोका ओळखणारी आणि रुग्णाला योग्य ठिकाणी पाठवणारी व्यक्ती गावातूनच घडू शकते, हे या प्रयोगाने दाखवले. या तिन्ही कार्यांचा उगम आणि मार्ग वेगळे असले, तरी रुग्ण येण्याची वाट पाहत न बसता त्याच्याकडे जावे, ही दृष्टी समान आहे.

तेरखेड्याला आज हीच दृष्टी हवी आहे. धाराशिवच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असा सुसज्ज जळीत कक्ष जिल्ह्यातच कार्यरत असला पाहिजे. महामार्गालगत प्राथमिक उपचार आणि सलाईनची सोय अहोरात्र हवी. प्रत्येक कारखान्यात पाण्याची टाकी आणि प्रथमोपचार शिकलेला कामगार असणे हा उपचार न राहता शिस्त बनली पाहिजे. मजुरांची त्वचा, डोळे आणि फुप्फुसे यांची नियमित तपासणी व्हावी आणि तिच्यासाठी त्यांची मजुरी कापली जाऊ नये. कारखानदारांनीही हा खर्च ओझे मानू नये. ज्या हातांवर व्यवसाय उभा आहे, त्या हातांची राखण हा धंद्याचाच धर्म आहे.

आणि मध्यमवर्गीय कुटुंबांचे काय? प्रत्येकाला रुग्णालय काढता येणार नाही. परंतु एखाद्या डॉक्टरला महिन्यातील एक दिवस देता येईल. निवृत्त कर्मचाऱ्याला चार कुटुंबांची कागदपत्रे पूर्ण करून देता येतील, महाविद्यालयीन तरुणाला प्रथमोपचार शिकून ते शिकवता येतील. यात उपकाराची भावना नको. आपल्या सणाचा प्रकाश ज्यांनी जोखीम पत्करून घडवला, त्यांच्या घरात अकाली अंधार होऊ नये, एवढी काळजी वाहणे हे ऋण फेडणेच होय. समाज एक आहे, असे म्हणणाऱ्यांची कसोटी भाषणांत लागत नाही. ती तेरखेड्यासारख्या गावातील शेवटच्या मजुराला वेळेवर उपचार मिळतात की नाही, यावर लागते.