पत आणि प्रतिष्ठा

"पंचवीस वर्षे अमेरिकेत राहिलो, पण क्रेडिट कार्डाला हात लावला नाही!" आपल्या प्रत्येक मेळाव्यात कुणीतरी हे वाक्य अभिमानाने उच्चारतो आणि भोवतालची मंडळी माना डोलावतात. या अभिमानाविरुद्धच मला लिहावयाचे आहे. बोलणाऱ्याचे त्यात काही बिघडत नाही, त्याचे घर केव्हाच झालेले असते (आणि तेही बहुधा कर्जावरच!). बिघडते ते हे वाक्य उपदेश म्हणून ऐकणाऱ्या, नुकत्याच आलेल्या तरुणाचे.

असाच एक तरुण गेल्या वर्षी माझ्याकडे आला. अभियंता, पगार उत्तम, बँकेत शिल्लक. ज्येष्ठांचे ऐकून तीन वर्षे त्याने कार्ड घेतले नव्हते. घरमालकाने भाड्याची जागा नाकारली, कारण त्याच्या नावावर पतीची कोणतीच नोंद नव्हती. "माझ्यात काय खोट आहे?" त्याने विचारले. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवले गेले, त्यातील मुलाच्या तोंडून हा प्रश्न ऐकताना काय वाटते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको.

कर्जाचे भय आपल्याकडे कोठून आले, हे मी जाणतो. सावकाराच्या वहीत आज्याचा अंगठा आणि त्या अंगठ्यापायी बापाचे राबणे! १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, ती उगीच नव्हे. परंतु ती वही आपल्याला वाचता येत नव्हती; ही येते. एक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही संस्थांकडून आपला अहवाल आज दर आठवड्याला विनामूल्य मिळतो. त्यातील चुकीला हरकत घेण्याचा हक्क १९७० च्या कायद्याने दिला आहे आणि सामान्यतः तीस दिवसांत चौकशी करणे त्या संस्थांवर बंधनकारक आहे. किती जणांनी हा हक्क बजावला?

क्रेडिट स्कोअर म्हणजे ३०० ते ८५० मधला एक आकडा. सर्वाधिक प्रचलित असलेला फायको स्कोअर १९८९ पासून वापरात आहे. त्यात सुमारे ३५ टक्के भार वेळेवर फेडीला, ३० टक्के देणे किती आणि मर्यादेपैकी किती वापरली याला, १५ टक्के नोंदीच्या वयाला. उरलेला नव्या अर्जांना आणि कर्जांच्या प्रकारांना. पगार, शिल्लक, पदवी यांना त्यात स्थानच नाही. मग हा आकडा चारित्र्याचा दाखला कसा? तरीही तो कमी असलेला माणूस आपल्यात मान खाली घालून बसतो आणि कुणाला विचारीत नाही.

१९७६ पासून कर्ज देताना वंश वा धर्म यावरून भेद करण्यास कायद्याने मनाई आहे. पण वारसा मोजला जातोच. सुस्थितीतील आईबाप आपल्या जुन्या कार्डावर मुलाचे नाव घालतात आणि ती जुनी नोंद त्याला आयती लाभते. आपल्या नवागताची भारतातील नोंद येथे सहसा धरली जात नाही. त्याला सांगावयाचे ते हे: काहीशे डॉलर अनामत ठेवून मिळणारे कार्ड घे, त्यावर महिन्याचा किराणा आण आणि बिल आले की पूर्ण फेड. व्याजाची एक पैही पडत नाही. पत वाढविण्यासाठी बाकी ठेवावी लागते, हा शुद्ध गैरसमज आहे. सुमारे सहा महिन्यांत आकडा तयार होतो. मात्र तीस दिवसांहून अधिक चुकलेला एक हप्ता सात वर्षे नोंदीत राहतो, हेही त्याच वेळी सांगावे. आणि भिडेखातर कुणाला जामीन राहू नकोस, हेही.

'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ साली लिहून प्रसिद्ध करणाऱ्या बाबासाहेबांचे आपण अनुयायी! येत्या १४ एप्रिलला भोजनगृहाच्या दाराशी एक टेबल मांडावे, अशी माझी कार्यकारिणीस लेखी मागणी आहे. माझा स्वतःचा अहवाल घेऊन मी तेथे बसेन. त्यात १९९८ सालचा एक चुकलेला हप्ता अनेक वर्षे होता. तो का चुकला, तेही विचारणाऱ्यास सांगेन.