संमती कशाला दिली होती?

अश्लील पोस्टरांना काळे फासणे हा आपल्या चळवळीचा एकेकाळचा ठरलेला कार्यक्रम. पोस्टर भिंतीवर असे, थिएटरमालक समोर असे, आणि १९८६ पासून स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदाही हाताशी होता. आज ती भिंतच उरलेली नाही. तरीही आपल्या बैठकांतली चर्चा ‘बंदी हवी की नको’ याच्यापुढे सरकत नाही, आणि त्या चर्चेत कॅमेऱ्यासमोरची बाई कुठेच नसते. मला तिच्याबद्दल बोलायचे आहे.

कॅसेट आणि डीव्हीडीच्या काळात अमेरिकेतल्या या धंद्याचे केंद्र लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो खोऱ्यात होते. बाईला साधारणपणे दृश्यागणिक एकरकमी पैसे मिळत, पुढच्या विक्रीत वाटा नसे. शोषण होतेच. पण डीव्हीडी दुकानात मिळे, जुनी होई, विसरली जाई. २००७ मध्ये पॉर्नहब सुरू झाले. अशा संकेतस्थळांवर कुणीही कुणाचीही चित्रफीत चढवावी, पाहणाऱ्याने फुकट पाहावी आणि जाहिरातींतून कमाई व्हावी, अशी व्यवस्था होती. चोरीच्या मालामुळे स्टुडिओंचे उत्पन्न आटले, आणि पुढे याच संकेतस्थळांच्या मालक कंपनीने नावाजलेले स्टुडिओ विकत घेतले. (बी-बियाणे आणि कर्ज एकाच दुकानातून घेणाऱ्या बायकांना हे वेगळे समजावावे लागणार नाही.)

सॅन डिएगोचा ‘गर्ल्स डू पॉर्न’ खटला आपण नीट अभ्यासला पाहिजे. मॉडेलिंगच्या जाहिराती देऊन तरुण मुलींना बोलावले जाई. चित्रण इंटरनेटवर जाणार नाही, फक्त परदेशात डीव्हीडीवर विकले जाईल, असे सांगितले जाई. फसवणूक नेमकी माध्यमाबद्दलची होती! चित्रफिती इंटरनेटवर गेल्या, मुलींच्या घरच्यांपर्यंत पोचल्या. २२ जणी कोर्टात गेल्या. जानेवारी २०२० मध्ये त्यांना सुमारे १ कोटी २७ लाख डॉलरची भरपाई आणि त्या चित्रफितींचे हक्क मिळाले. मुख्य सूत्रधाराला २०२५ मध्ये २७ वर्षांची शिक्षा झाली. त्या चित्रफितींच्या प्रती मात्र कुठे कुठे आहेत हे कोणते न्यायालय सांगणार?

डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील लेखानंतर व्हिसा आणि मास्टरकार्डने हात आखडता घेताच पॉर्नहबने काही दिवसांतच, ओळख न पटवलेल्यांनी चढवलेल्या लाखो चित्रफिती काढल्या. पीडित मुलींच्या विनवण्यांनी जे झाले नव्हते ते कार्ड कंपन्यांनी केले. याचा आनंद मानावा का, मला ठरवता येत नाही. कारण त्याच नळावर इतर बायकांचेही पोट आहे. ‘ओन्लीफॅन्स’वर बाई स्वतःच निर्माती असते, कंपनी २० टक्के घेते. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकांचे कारण देत कंपनीने लैंगिक चित्रणावर बंदी जाहीर केली आणि आठवडाभरात मागे घेतली. स्वतःची मालकीण म्हणवणाऱ्या त्या बायकांना दोन्ही वेळा कुणी विचारले नाही.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबईत मढच्या एका बंगल्यावर छापा पडला. मालिकेत काम देतो म्हणून मुलींना बोलावून ऐनवेळी वेगळेच चित्रण करायला लावत आणि ते वर्गणीच्या अ‍ॅपवर विकत, असे पोलिसांचे म्हणणे होते. अशी मुलगी आपल्या केंद्रात आली तर आपण काय करणार? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ अ कलमाखाली आपल्यालाच आरोपी करतील या भीतीने ती बहुधा येतच नाही.

कायद्यात तिच्या बाजूनेही काही आहे, ते आपणच वाचलेले नसते. २०१३ च्या दुरुस्तीत आलेले आणि आता भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात असलेले स्पष्टीकरण म्हणते की, खाजगी क्षणांचे चित्रण करू देण्याची संमती म्हणजे ते पसरवण्याची संमती नव्हे. २०२१ च्या नियमांनुसार खाजगी चित्रण हटवण्याची तक्रार तिच्या वतीने दुसरे कुणीही करू शकते. म्हणजे आपणही. प्रत्येक केंद्रात हे काम येणारी एक तरी कार्यकर्ती हवी. काही पुसण्याआधी पत्ता, तारीख, वेळ लिहून घ्यायची हे तिला माहीत हवे.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न ‘तू गेलीसच कशाला?’ हाच येतो. त्यासाठी ७७ व्या कलमाची छापील प्रत मी पिशवीतच ठेवते.